चंद्रावर सरळ एकाच यानानं का नाही उतरले?

मागच्या अंकात चांद्रयान-4 बद्दल, म्हणजे चंद्रावरची माती पृथ्वीवर आणायच्या इस्रोच्या मोहिमेबद्दल लिहिलं होतं, त्यात दोन रॉकेटं, पाच मॉड्यूल (यानाचे सुटे भाग), एकदा पृथ्वीभोवती जोडाजोडी आणि मग परत एकदा चंद्राभोवती जोडाजोडी असं सगळं आलं, आणि त्यावर भरपूर मेल आले. बहुतेकांचा रोख एकच, की एवढा उपद्व्याप कशाला. त्यामुळे या वेळचं सगळं सदर याच विषयाला दिलंय.

प्रश्न: मी देवगडचा, आता रिटायर आहे. मला हे कळत नाही की एवढी जोडतोड करण्यापेक्षा एक मोठं रॉकेट बनवायचं, सरळ चंद्रावर उतरायचं आणि तेच यान घेऊन परत यायचं, हे सोपं नाही का? अमेरिकेनं तसं का केलं नाही?

उत्तर: सर, तुम्ही विचारलाय अगदी तोच प्रश्न 1961 मध्ये नासातले मोठमोठे लोक विचारत होते, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं उत्तर ‘हो, सरळच जायचं’ असंच होतं. 25 मे 1961 ला राष्ट्राध्यक्ष केनेडींनी जाहीर केलं की हे दशक संपायच्या आत माणूस चंद्रावर उतरवून सुखरूप परत आणायचा, आणि त्या दिवशी अमेरिकेचा माणूस अवकाशात पाठवायचा सगळा अनुभव किती होता, तर ॲलन शेपर्ड यांचं 5 मे चं 15 मिनिटांचं उड्डाण, बस. त्यातही ते पृथ्वीभोवती फिरले नव्हते, नुसते वर जाऊन खाली आले होते. अशा वेळी ज्या गोष्टी कधीच केल्या नाहीत त्यांची यादी जितकी छोटी तितकं बरं असं वाटणं साहजिक आहे. सरळ जायच्या पद्धतीत दोन यानांची गाठ घालायची भानगडच नाही, म्हणून ती सोपी वाटायची.

आता ती सोपी पद्धत जरा जवळून बघू. नोव्हा नावाचं राक्षसी रॉकेट बनवायचं, त्याच्या एका आराखड्यात पहिल्या टप्प्याला एफ-1 नावाची 8 प्रचंड इंजिनं होती. (पुढे जे सॅटर्न-5 प्रत्यक्षात बनलं त्याला पाच होती, आणि तेसुद्धा 110 मीटर उंच आणि उडताना जवळजवळ 2,900 टनांचं होतं.) या नोव्हानं पाठवलेलं अख्खं यान चंद्रावर शेपटीवर उभं उतरणार, म्हणजे पाच-सहा मजली इमारत मागे मागे चालवत पार्क करायची आणि ड्रायव्हर गच्चीवर पाठ टेकून आडवा. त्याला खाली खड्डा आहे की दगड हे दिसणार कसं? आणि उतरल्यावर तेवढ्या उंचीवरून स्पेससूट घालून शिडीनं खाली यायचं आणि परत चढायचं.

पण खरी अडचण वजनाची. चंद्रावर हवा नाही, त्यामुळे पॅराशूटचा उपयोग शून्य, सगळा वेग इंजिन चालवूनच मारावा लागतो. चंद्राभोवतीच्या कक्षेतून खाली यायला साधारण 2 किलोमीटर प्रतिसेकंद आणि वर जायला जवळजवळ तेवढाच. त्या काळच्या इंजिनांचा हिशोब धरला तर कक्षेतली 1 किलोची वस्तू खाली नेऊन परत वर आणायला सुमारे अडीच किलो इंधन लागतं. आता ज्या कॅप्सूलमधून माणसं शेवटी समुद्रात उतरली ती साडेपाच टनांच्या आसपास होती. तिच्यात पृथ्वीच्या वातावरणात शिरताना लागणारी जाडजूड उष्णतारोधक ढाल, पॅराशूटं, समुद्रावर तरंगायची व्यवस्था असं सगळं, आणि यातल्या एकाही गोष्टीचा चंद्राच्या जमिनीवर काडीचा उपयोग नाही. ती कॅप्सूल खाली नेऊन वर आणायची म्हणजे 14 टन इंधन जास्त. अपोलो-11 मध्ये, म्हणजे माणूस पहिल्यांदा चंद्रावर उतरला त्या मोहिमेत, 2,900 टनांच्या रॉकेटनं चंद्राकडे जेमतेम 44 टन पाठवले, त्या हिशोबानं हे 14 टन वाढले की इकडे लाँचपॅडवर निदान 900 टन वाढले. आणि घरी यायचं इंधन आणि त्याच्या टाक्या पण खाली न्यायच्या, ते मी अजून धरलंच नाहीये.

म्हणून दुसरा विचार असा, की एक राक्षसी रॉकेट नको, दोन किंवा जास्त मध्यम रॉकेटं सोडू, पृथ्वीभोवती फिरतानाच इंधन भरू किंवा तुकडे जोडू आणि मग चंद्राकडे निघू. नासाच्या हंट्सव्हिलमधल्या मार्शल सेंटरचा, म्हणजे रॉकेटतज्ज्ञ वेर्नर फॉन ब्राउन यांच्या टीमचा कल याच्याकडे होता. यात रॉकेटचा प्रश्न सुटतो पण चंद्रावर उतरणारं यान तेच राहतं, तेवढंच उंच आणि तेवढंच जड.

तिसरी पद्धत अशी की चंद्रापर्यंत सगळे एकत्र जायचं, पण मोठं यान वरच फिरत ठेवायचं आणि एका छोट्या, फक्त चंद्रासाठीच बनवलेल्या यानातून दोघांनी खाली जाऊन यायचं. तुम्ही देवगडचे, म्हणजे मुंबईहून येणाऱ्या आगबोटीच्या गोष्टी घरात ऐकल्या असतीलच, कोकणातल्या बऱ्याच बंदरांत आगबोट खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं पडावात बसून किनाऱ्याला यायची. आगबोट वाळूवर आणायचा अट्टहास कोणी करत नव्हतं, कारण वाळूवर जायला वेगळी होडी लागते आणि मुंबई गाठायला वेगळी. अमेरिकेनं शेवटी हीच पद्धत घेतली, आणि अपोलोचं चंद्रावर उतरणारं छोटं यान म्हणजे तो पडाव.

आणि एकदा पृथ्वीचा संबंध सुटला की ते यान किती हलकं करता येतं बघा. त्याला टोकदार नाक नको कारण हवाच नाही. इंजिनिअरांनी बसायच्या सीटसुद्धा काढून टाकल्या, अंतराळवीर पट्टे बांधून उभे राहून ते चालवायचे, आणि उभं राहिल्यामुळे चेहरा काचेच्या जवळ आला म्हणून मोठ्या जड खिडक्यांच्या जागी दोन छोट्या तिकोनी खिडक्या भागल्या. केबिनचा पत्रा काही ठिकाणी 0.3 मिलिमीटर एवढा पातळ होता. परत निघताना खालचा अर्धा भाग, पाय, उतरायचं इंजिन, रिकाम्या टाक्या हे सगळं तिथंच सोडायचं आणि तोच भाग लाँचपॅड म्हणून वापरायचा. पंधरा टनांचं जे यान खाली निघालं त्यातलं पावणेपाच टनच परत वर यायला निघालं. तो खालचा भाग अजून तिथं उभा आहे, चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या लुनार रिकनिसन्स ऑर्बिटरच्या फोटोंत तो आणि त्याची सावली दिसते.

प्रश्न: मी नाशिकला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एका व्हिडिओत बघितलं की ही चंद्राभोवती जोडायची आयडिया जॉन हूबोल्ट नावाच्या एकाच इंजिनिअरनं शोधली आणि सगळी नासा त्याच्या विरोधात होती. हे खरं आहे का?

उत्तर: अर्धं खरं, आणि जे खरं आहे ते इतकं भारी आहे की त्यात भर घालायची गरजच नाही.

कल्पना त्यांची नाही. युरी कोंद्रात्युक या नावानं ओळखला जाणारा एक युक्रेनियन माणूस, पहिलं महायुद्ध चालू असतानाच्या काळात त्यानं अवकाश प्रवासाचे हिशोब मांडायला घेतले आणि 1929 मध्ये सायबेरियातल्या नोव्होसिबिर्स्कमध्ये स्वतःच्या खर्चानं पुस्तक छापलं, त्यात हे आहे की मुख्य यान ग्रहाभोवती फिरत ठेवा आणि छोट्या यानानं उतरा. त्याचं खरं नाव ओलेक्सांद्र शारगेई, क्रांतीनंतरच्या धामधुमीत जीव वाचवायला त्यानं एका मेलेल्या माणसाचं नाव आणि कागदपत्रं घेतली होती. अशा परिस्थितीत तो माणूस चंद्रावरच्या इंधनाचा हिशोब करत बसला होता, हे मला दरवेळी वाचताना गलबलून येतं. पुढे अमेरिकेत व्हॉट या विमान कंपनीच्या टॉम डोलन यांच्या टीमनं 1960 च्या आसपास हीच पद्धत मांडली, आणि नासाच्या लँगली सेंटरमध्ये विल्यम मायकल यांनी 1960 मध्येच याचं वजनाचं गणित करून दाखवलं होतं. हूबोल्टही लँगलीचेच. या सगळ्यांची नावं व्हिडिओत येत नाहीत ती यायला हवीत.

हूबोल्ट यांचं श्रेय वेगळं आहे. त्यांनी ही गोष्ट सोडली नाही. डिसेंबर 1960 च्या एका मीटिंगमध्ये त्यांनी आकडे मांडले तेव्हा मॅक्स फॅजे, ज्यांनी अमेरिकेची माणूस नेणारी पहिली कॅप्सूल, मर्क्युरी, डिझाईन केली एवढा मोठा माणूस, त्यांनी सगळ्यांसमोर तुमचे आकडे खोटे बोलतात असं सुनावलं. आणि इथं प्रामाणिकपणे सांगायला हवं की फॅजे पूर्ण चूक नव्हते, कारण हूबोल्ट यांचे छोट्या यानाच्या वजनाचे सुरुवातीचे अंदाज फारच कमी होते, प्रत्यक्षात यान त्याच्या कितीतरी पट जड झालं. पण तुलना बरोबर होती, तीन पद्धतींत सगळ्यात हलकी हीच, आणि वजनं वाढली तरी हा क्रम बदलला नाही. इंजिनिअरिंग शिकतोयस म्हणून मुद्दाम सांगतो, अंदाज चुकणं वेगळं आणि दिशा चुकणं वेगळं.

नोव्हेंबर 1961 मध्ये त्यांनी मधल्या सगळ्या साहेबांना ओलांडून थेट नासाचे नंबर तीन रॉबर्ट सीमन्स यांना नऊ पानी पत्र लिहिलं. त्यात सरळ विचारलं की आपल्याला चंद्रावर जायचंय की नाही, आणि तो अवाढव्य नोव्हा कोणी प्रश्न न विचारता मान्य करतं मग ही साधी योजना मांडणाऱ्यालाच का वाळीत टाकता. सरकारी नोकरीत असं पत्र म्हणजे काय ते आपल्याकडे वेगळं सांगायला नको. सीमन्स यांनी ते पत्र केराच्या टोपलीत टाकलं नाही, नीट तपासायला लावलं, हा त्यांचा मोठेपणा.

विरोध करणारे मूर्ख होते असं मात्र समजू नकोस, त्यांची भीती एकदम रास्त होती. तोपर्यंत जगात कोणीच अवकाशात दोन यानं जोडली नव्हती. पृथ्वीभोवती जोडणी फसली तर माणसं खाली येतील, चंद्राभोवती फसली तर दोघं जण पावणेचार लाख किलोमीटरवर कायमचे अडकणार. आणि यानं जोडणं हे गाडीला गाडी लावण्यासारखं नसतंच मुळी. जून 1965 मध्ये जेमिनी-4 वर (जेमिनी म्हणजे अपोलोच्या आधीची, दोन माणसांची यानं) जिम मॅकडिव्हिट यांनी आपल्याच रॉकेटच्या सुटलेल्या टप्प्याजवळ जायचा प्रयत्न केला, त्याच्याकडे तोंड करून इंजिन मारलं, तर तो लांबच जायला लागला, कारण कक्षेत वेग वाढवला की आपण वरच्या, हळू कक्षेत जातो आणि मागे पडतो. पुढच्याला गाठायचं तर आधी वेग कमी करून खाली यायचं. हे कागदावर सगळ्यांना माहीत होतं, हाताला माहीत नव्हतं. डिसेंबर 1965 मध्ये जेमिनी-6 आणि 7 अगदी जवळ आली आणि 16 मार्च 1966 ला आर्मस्ट्राँग आणि स्कॉट यांनी जेमिनी-8 वर पहिली जोडणी केली. म्हणजे निर्णय आधी झाला आणि जमतंय हे नंतर चार वर्षांनी कळलं!

निर्णय कसा झाला ते पण सांगतो. 1962 च्या सुरुवातीला नासाच्या ह्यूस्टन सेंटरच्या, म्हणजे माणसांची यानं बनवणाऱ्या टीमला हे हळूहळू पटलं, आणि 7 जून 1962 ला मार्शलमधल्या दिवसभराच्या बैठकीच्या शेवटी फॉन ब्राउन उभे राहिले आणि स्वतःच्या सेंटरची पद्धत सोडून चंद्राभोवतीच्या जोडणीला पाठिंबा दिला, त्यांच्या स्वतःच्या माणसांना धक्का बसला. 11 जुलैला जाहीर झालं. तरीसुद्धा केनेडींचे विज्ञान सल्लागार जेरोम वीझनर यांना ते पटलं नव्हतं, सप्टेंबरमध्ये हंट्सव्हिलला राष्ट्राध्यक्षांच्या समोरच वाद झाला. पण निर्णय टिकला.

20 जुलै 1969 ला अपोलो-11 चं छोटं यान, ईगल, चंद्रावर उतरलं तेव्हा हूबोल्ट ह्यूस्टनला पाहुण्यांच्या गॅलरीत होते, नासाची नोकरी त्यांनी 1963 मध्येच सोडली होती. तिथंच बसलेल्या फॉन ब्राउन यांनी वळून त्यांचे आभार मानले.

प्रश्न: या तीन सोडून अजून काही योजना होत्या का? – चिपळूणहून एक शिक्षिका

उत्तर: होत्या हो मॅडम, भरपूर. 1952 मध्ये फॉन ब्राउन यांनीच एका अमेरिकन मासिकात 50 माणसांची, तीन यानांची, सहा आठवड्यांची मोहीम रंगवली होती. 1959 मध्ये अमेरिकन लष्करानं चंद्रावर सैनिकांचा तळ उभारायचा आराखडा केला, त्याला दीडशेच्या आसपास रॉकेटं उडवावी लागली असती. हवाई दलाची वेगळीच योजना, तीन माणसं, सरळ उड्डाण, नंतर जमिनीखाली तळ.

नासाच्या कॅलिफोर्नियातल्या जेपीएल या प्रयोगशाळेची सूचना मला त्यातल्या त्यात विचार करण्यासारखी वाटते, की आधी माणसाशिवायची टँकर यानं एका ठिकाणी जवळजवळ उतरवायची, मग माणसाचं यान तिथं उतरेल आणि तिथंच परतीचं इंधन भरून घेईल. म्हणजे गाठभेट चंद्राच्या जमिनीवर! एक टँकर जरा लांब पडला की सगळं अडलं, म्हणून मागे पडली.

आणि एक योजना वाचून झोप उडते. 1962 मध्ये बेल या विमान कंपनीच्या दोघांनी मांडलं की रशियाला हरवायचंच असेल तर एकाच माणसाला फक्त जायच्या तिकिटावर पाठवा, मागून सामानाची यानं पाठवत राहा, हवा, पाणी, जेवण, आणि परत आणायचं तंत्र तयार झालं की दोन-तीन वर्षांनी त्याला आणा. त्यांनी हे गंभीरपणे, आकडेवारीसकट मांडलं होतं. नासानं ते घेतलं नाही. केनेडींच्या वाक्यात ‘सुखरूप परत’ हे दोन शब्द होते, आणि मला वाटतं त्या दोन शब्दांनी बरंच काही वाचवलं. वर्गात मुलांना हे नक्की सांगा.

प्रश्न: रशियानं कुठली पद्धत निवडली होती? – बेळगावहून एक वाचक

उत्तर: शेवटी तीच, चंद्राभोवतीची जोडणी, पण फार काटकसरीत. रशियाचे मुख्य रॉकेट डिझायनर कोरोल्योव्ह यांच्या एन-1 रॉकेटवर दोनच माणसं जाणार, त्यातला एकटाच खाली उतरणार. दोन यानांच्या मध्ये बोगदा नाही, त्यामुळे त्यानं जाताना आणि येताना स्पेससूट घालून बाहेरून, हातांनी धरत धरत दुसऱ्या यानात जायचं. त्यांचे प्रतिस्पर्धी डिझायनर चेलोमेई यांची यूआर-700 रॉकेटवर सरळ उड्डाणाची योजना पण होती, ती कागदावरच राहिली. एन-1 च्या पहिल्या टप्प्यात 30 इंजिनं होती, 1969 ते 1972 मध्ये चार उड्डाणं झाली आणि चारही फसली. वाईट याचं वाटतं की ते छोटं उतरणारं यान 1970-71 मध्ये पृथ्वीभोवती माणसाशिवाय तपासून झालं होतं आणि नीट चाललं होतं. पडाव तयार, आगबोटच नाही.

प्रश्न: मी आठवीत आहे. जो वर एकटा राहायचा त्याला भीती नाही वाटायची का? आणि खालच्यांचं इंजिन सुरूच झालं नसतं तर? – सोलापूरहून एक विद्यार्थिनी

उत्तर: खूप चांगला प्रश्न विचारलास. अपोलो-11 मध्ये वर मायकल कॉलिन्स होते. त्यांची एक फेरी साधारण दोन तासांची, त्यातला पाऊण तासाहून जास्त वेळ ते चंद्राच्या मागे, रेडिओ बंद, ना पृथ्वीशी बोलणं ना मित्रांशी. त्यांनी नंतर सांगितलंय की त्यांना एकटेपणाची भीती नव्हती, भीती होती ती त्या दोघांना तिथंच सोडून एकट्यानं घरी परतावं लागेल याची.

वर यायचं इंजिन एकच होतं, त्याला जोडीला दुसरं नाही. म्हणून ते मुद्दाम शक्य तितकं साधं बनवलं. त्यातली दोन रसायनं अशी की एकमेकांना भेटली की आपोआप पेट घेतात, ठिणगी लागत नाही. ती ढकलायला पंप पण नाही, दाबानं भरलेला वायूच ढकलणार. झडपा उघडल्या की झालं. बिघडायला भाग जितके कमी तितकं चांगलं. सहाच्या सहा वेळा ते चाललं.

आणि दुसरं यान सोबत असल्याचा एक फायदा एप्रिल 1970 मध्ये कळला. अपोलो-13 च्या मुख्य यानात ऑक्सिजनची टाकी फुटली तेव्हा तिघं जण त्या पातळ पत्र्याच्या छोट्या यानात जाऊन बसले आणि त्याच्याच इंजिनवर आणि हवेवर घराच्या वाटेला लागले. सरळ उड्डाणाची पद्धत घेतली असती तर दुसरं यान नसतंच.

प्रश्न: मग आपलं चांद्रयान-4 यातल्या कुठल्या पद्धतीचं? – पुण्याहून तीन-चार वाचक

उत्तर: दोन्ही जोडण्या एकत्र, फक्त माणूस नाही. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजुरी दिली ती योजना अशी, की पाच मॉड्यूल इस्रोच्या एका एलव्हीएम-3 रॉकेटला झेपत नाहीत म्हणून दोन रॉकेटांनी पाठवायची आणि पृथ्वीभोवती जोडायची, म्हणजे 1961 ची फॉन ब्राउन यांची पद्धत. मग चंद्रापाशी गेल्यावर उतरणारं आणि वर उडणारं अशी दोनच मॉड्यूल खाली जाणार, आणि माती घेऊन वर आलेलं मॉड्यूल चंद्राभोवती वाट बघणाऱ्या यानाला जोडलं जाणार, म्हणजे हूबोल्ट यांची. याचीच तयारी म्हणून इस्रोनं स्पेडेक्स केलं, 16 जानेवारी 2025 ला आपली दोन छोटी यानं पृथ्वीभोवती जोडली गेली.

आणि ज्या मॉड्यूलमधून ती माती पृथ्वीवर उतरणार, ज्याला उष्णतारोधक ढाल आहे, ते एवढ्या लांब जाऊनही चंद्राला टेकणारच नाहीये, वरच फिरत राहणार.